ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

आपल्या घरातील भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. आज तिथी कोणती, एकादशी कधी, मकरसंक्रांत केव्हा, ग्रहण कोणत्या दिवशी, हे सारे आपण तिच्याकडे एक दृष्टी टाकून सांगतो. परंतु ती तिथी कोणी व कशी ठरविली, ग्रहण अमुक वेळी लागेल हे आधीच कसे कळले, असा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. या प्रश्नांची उत्तरे आकाशात आहेत. ती शोधून काढून सामान्य मराठी माणसाला त्याच्याच भाषेत सांगणारे एक थोर शिक्षक एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षित हे विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. कोणत्याही वेधशाळेत ते नोकरीस नव्हते. त्यांचे सारे आयुष्य शाळेत मुलांना शिकविण्यात गेले. तरीही भारतीय ज्योतिषशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांना आजही त्यांच्या ग्रंथाकडे वळावे लागते. येथे ज्योतिष या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पत्रिका पाहून भविष्य सांगणे हा त्याचा आजचा रूढ अर्थ झाला. जुन्या काळी सूर्य, चंद्र, ग्रह आणि तारे यांच्या गतीचे गणित करणाऱ्या शास्त्रालाही ज्योतिषच म्हणत. दीक्षितांचे नाव झाले ते या गणिताच्या व्यासंगामुळे.

शंकररावांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील मुरुड या गावी झाला. पश्चिमेस अथांग समुद्र, किनाऱ्याला लागून नारळी-पोफळीच्या बागा आणि मागे डोंगर असे हे रम्य गाव आहे. पुढे महर्षी म्हणून प्रसिद्धीस आलेले धोंडो केशव कर्वे हेही याच मुरुडचे. त्या काळी गावात विजेचे दिवे नव्हते. सूर्य समुद्रात बुडाला की थोड्याच वेळात सारे आकाश नक्षत्रांनी भरून जाई. कोळ्यांना भरती-ओहोटीसाठी चंद्राकडे पाहावे लागे, शेतकऱ्यांना पेरणीसाठी मृग, आर्द्रा ही नक्षत्रे मोजावी लागत आणि भिक्षुकांना मुहूर्तासाठी पंचांग उघडावे लागे. आकाश हे अशा रीतीने सर्वांच्या नित्य कामाचे होते.

गावच्या शाळेत शंकररावांचे मराठी शिक्षण झाले. त्याबरोबर त्यांनी संस्कृत व वेदांचेही थोडे अध्ययन केले. नंतर दापोलीच्या कोर्टात त्यांनी काही काळ उमेदवारी केली आणि तेथे असतानाच इंग्रजी शिकण्यास आरंभ केला. १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. गावोगावच्या मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ही संस्था होती. तेथील तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी उत्तम रीतीने पुरा केला. पुढे मॅट्रिकची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. शाळेतील त्यांचे शिक्षण येथे संपले. विद्यार्थिदशा मात्र जन्मभर संपली नाही.

१८७४ च्या सुमारास ते रेवदंड्याच्या मराठी शाळेचे मुख्याध्यापक झाले. रेवदंडा हे आजच्या रायगड जिल्ह्यातील समुद्रकाठचे गाव. पोर्तुगीजांचा जुना किल्ला तेथे आजही पाहावयास मिळतो. याच गावी शंकररावांचा लेखक म्हणून उदय झाला. शाळेतील मुलांची बुद्धी कशी वाढेल, हा त्यांचा पहिला विचार होता. म्हणून त्यांचे पहिले पुस्तक मुलांसाठीच निघाले. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाचे नाव विद्यार्थिबुद्धिवर्धिनी असे होते. पुढे १८८२ मध्ये सृष्टीतील चमत्कारांची माहिती देणारे आणखी एक पुस्तक त्यांनी लिहिले.

रेवदंड्याहून त्यांची बदली ठाण्यास झाली. त्या सुमारास महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांतून एक मोठा वाद गाजत होता. वादाचा विषय होता पंचांग. पंचांगासाठी विद्वानांनी इतके भांडावे, याचे तुम्हांला कदाचित नवल वाटेल. म्हणून त्या वादाचे कारण आधी समजून घेऊ.

त्या काळी महाराष्ट्रात बहुतेक पंचांगे ग्रहलाघव या ग्रंथावरून करीत. हा ग्रंथ गणेश दैवज्ञ नावाच्या थोर ज्योतिष्याने १५२० मध्ये रचला. हे गणेश दैवज्ञ नांदगावचे. रेवदंड्याच्या दक्षिणेस, जंजिऱ्याच्या वाटेवर समुद्रकिनारी हे गाव आहे. किचकट गणित न करता ग्रह कोठे आहे हे चटकन काढण्याच्या सोप्या रीती त्यांनी दिल्या. त्यामुळे ग्रहलाघव घरोघरच्या जोशीबुवांना प्रिय झाला. परंतु गणितात राहिलेली लहानशी चूक वर्षानुवर्षे साठत जाते. घड्याळ रोज अर्धे मिनिट मागे पडू लागले, तर दोन महिन्यांनी ते अर्धा तास मागे दिसते. तसाच हा प्रकार. साडेतीनशे वर्षांनंतर पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ बसेना. ग्रहणाची सांगितलेली वेळ एक असे आणि ग्रहण प्रत्यक्ष लागे दुसऱ्या वेळी.

ही चूक सुधारण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुण्याचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी केला. त्यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची नवी कोष्टके मराठीत प्रसिद्ध केली आणि त्यांवरून नवे पंचांग निघू लागले. आबासाहेब पटवर्धन यांनी त्या कामी साहाय्य केल्यामुळे ते पटवर्धनी पंचांग या नावाने ओळखले जाऊ लागले.

दुसरा प्रश्न याहून सूक्ष्म होता. तो वर्षाच्या लांबीचा. वसंतात दिवस आणि रात्र समान होतात, तेथपासून पुन्हा तशीच स्थिती येईपर्यंत ३६५ दिवस, ५ तास व सुमारे ४९ मिनिटे लागतात. ऋतू या वर्षाप्रमाणे फिरतात. आपल्या जुन्या ग्रंथांतील वर्ष मात्र ताऱ्यांवरून मोजलेले असून ते ३६५ दिवस, ६ तास व सुमारे १२ मिनिटांचे आहे. दोहोंत फरक सुमारे २४ मिनिटांचा. एका वर्षात तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण साठ वर्षांत तो जवळजवळ एका दिवसाएवढा होतो.

याचा परिणाम मकरसंक्रांतीत स्पष्ट दिसतो. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो, त्या दिवसाशी संक्रांतीचा संबंध जोडलेला आहे. सूर्य प्रत्यक्षात वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास. आपण तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीस. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे, आणि ते हळूहळू वाढतच जाणार आहे. असेच चालू राहिले तर हजारो वर्षांनी चैत्र महिना भर पावसाळ्यात येईल.

म्हणून ऋतूंना धरून चालणारे वर्ष पंचांगात घ्यावे, असे काहींचे म्हणणे होते. त्या पद्धतीस सायन पद्धती म्हणतात. ताऱ्यांना धरून चालणारी जी जुनी पद्धती, तिला निरयण म्हणतात. सायन पक्षाचे पुढारी विसाजी रघुनाथ लेले हे होते. ठाण्याचे जनार्दन बाळाजी मोडक हेही त्याच पक्षाचे. दीक्षितांनी या वादातील दोन्ही बाजू बारकाईने वाचल्या. ऋतू आणि सण यांची फारकत होणे त्यांना योग्य वाटेना. ते सायन पक्षास मिळाले आणि लेले, मोडक यांच्यासह सायन पंचांगाच्या कामात त्यांनी भाग घेतला.

पंचांगात बदल करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. व्रते, सण, मुंज, लग्न हे सारे पंचांगावर अवलंबून. त्याला हात लावणे म्हणजे धर्मात ढवळाढवळ करणे, असे पुष्कळांना वाटे. दुसरीकडे, इंग्रजी शिकलेल्या काही लोकांना आपले सारे जुने शास्त्रच टाकाऊ वाटू लागले होते. दीक्षितांनी यांपैकी कोणताच मार्ग धरला नाही. आपल्या पूर्वजांनी नेमके काय केले होते, हे आधी पाहावे, असे त्यांनी ठरविले. या एका निश्चयातून त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य उभे राहिले.

१८८२ मध्ये त्यांची नेमणूक सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे इंग्रजी शाळेत झाली. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या या गावी राहून त्यांनी ज्योतिषाचा व्यासंग वाढविला. दिवसाचा वेळ शाळेचा होता. अभ्यासासाठी उरे ती सकाळ आणि रात्र. हळूहळू त्यांच्या गणिताची कीर्ती विद्वानांच्या कानी गेली. जॉन फेथफुल फ्लीट नावाचे इंग्रज अधिकारी तेव्हा गुप्त राजांच्या शिलालेखांचा अभ्यास करीत होते. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त यांसारखे पराक्रमी राजे ज्या वंशात झाले, त्या वंशाचा एक स्वतंत्र शक होता. परंतु तो केव्हा सुरू झाला याविषयी विद्वानांचे एकमत होईना. शकाचा आरंभ ठरल्यावाचून त्या राजांचा काळ ठरेना. हे कोडे सोडविण्याच्या कामी फ्लीटसाहेबांना दीक्षितांच्या गणिताचे फार मोठे साहाय्य झाले.

त्यातील एक उदाहरण पाहा. मध्य प्रदेशात एरण या गावी एक दगडी स्तंभ आहे. बुधगुप्त राजाच्या वेळच्या त्या स्तंभावरील लेखात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, असा काळ कोरलेला आहे. गुप्त शक हा शालिवाहन शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला, असे अल्-बेरूनी नावाच्या प्रवासी पंडिताने लिहून ठेवले होते. तो हिशेब खरा मानला, तर १६५ मध्ये २४१ मिळवून शके ४०६ येते. म्हणजेच इसवी सन ४८४. आता त्या वर्षी आषाढ शुद्ध द्वादशीस खरोखर गुरुवार होता काय? चंद्रसूर्यांच्या गतीवरून गणित केले, तेव्हा ती तिथी २१ जून ४८४ रोजी आली आणि वार निघाला गुरुवारच! चौदाशे वर्षांपूर्वीचा एक वार कागदावरील आकडेमोडीने बरोबर जुळला. अशा पुराव्यांच्या आधारे गुप्त शकाचा आरंभ निश्चित करण्यात आला आणि फ्लीटसाहेबांच्या १८८८ मधील ग्रंथात तो जगापुढे आला. आकाशाचे गणित इतिहासाचा असा साक्षीदार होऊ शकते.

बार्शीनंतर दीक्षित धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिक्षक झाले. येथे त्यांच्यापुढे बसणारे विद्यार्थी उद्याचे शिक्षक होते. त्यांना शिकविलेले ज्ञान गावोगावच्या शाळांत पोचणार होते. याच काळात, १८९२ मध्ये, त्यांचे ज्योतिर्विलास हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे दुसरे नाव रात्रीची दोन घटका मौज असे आहे. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. तेव्हा दोन घटका म्हणजे तासाभराहूनही कमी वेळ. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात यावे, थोडा वेळ आकाशाकडे पाहावे आणि त्यातील आनंद लुटावा, हा भाव त्या नावातच भरलेला आहे.

मोठमोठ्या पंडितांशी गणिताची चर्चा करणाऱ्या माणसाने असे पुस्तक का लिहावे? पंचांगाचा वाद करणारे लोक पुष्कळ होते; पण त्यांतील किती जणांनी आकाश डोळ्यांनी पाहिले होते? चित्रा कोणती, स्वाती कोणती, गुरू कोणता, शनी कोणता, हे पंचांग वाचणाऱ्यासही पुष्कळदा दाखविता येत नसे. मग पंचांगातील चूक त्याला कशी कळावी? ज्याला आकाश वाचता येते, त्याला कोणी सांगितले म्हणून विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही. तो स्वतः पडताळा पाहू शकतो. हे सामर्थ्य सामान्य वाचकाच्या हाती देणारे हे पुस्तक होते. त्यात नक्षत्रे, ग्रह, सूर्य, चंद्र यांची ओळख सोप्या आणि रसाळ मराठीत करून दिली आहे. शास्त्र म्हटले की ते इंग्रजीतच असावयाचे, अशी समजूत असण्याच्या त्या काळात हे पुस्तक मराठी वाचकांना फार आवडले आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

आपल्या महिन्यांची नावेच पाहा. ज्या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र, विशाखेच्या आसपास असतो तो वैशाख, कृत्तिकांच्या आसपास असतो तो कार्तिक. ही नावे आपण रोज उच्चारतो. परंतु पौर्णिमेच्या रात्री मान वर करून पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ उमगत नाही. एकदा तो उमगला की पंचांग हे पाठ करण्याचे पुस्तक राहत नाही. ते आकाशाचे चित्र होते.

दीक्षितांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास. भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिणाऱ्यास पारितोषिक देण्याचे पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने जाहीर केले होते. दीक्षितांनी हे काम अंगावर घेतले. वेदांपासून आपल्या काळापर्यंत ज्या ज्या ग्रंथात आकाशाविषयी काही सांगितले आहे, तो ग्रंथ मिळवून वाचावयाचा, त्यातील गणित स्वतः करून पाहावयाचे आणि मगच त्याविषयी लिहावयाचे, अशी त्यांची रीत होती. पुष्कळसे ग्रंथ छापलेले नव्हते. जुन्या हस्तलिखितांच्या संग्रहांतून ते शोधावे लागत. १८८८ मध्ये ग्रंथ लिहून तयार झाला आणि पारितोषिकासही पात्र ठरला. त्यानंतरही त्यांनी त्यात भर घातली. अखेर १८९६ मध्ये पाचशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ पुण्यात छापून प्रसिद्ध झाला.

पंचांगाच्या वादात जे उत्तर हवे होते, ते या इतिहासात होते. आपले थोर ज्योतिषी जुन्या आकड्यांना कधीच चिकटून बसले नव्हते. गणेश दैवज्ञांचे वडील केशव हेही ज्योतिषी होते. त्यांनी स्वतः ग्रहांचे वेध घेतले, जुन्या ग्रंथांतील फरक दाखविला आणि पुढील लोकांनीही वेध घेऊन गणित सुधारीत जावे, असे सांगून ठेवले. गणेश दैवज्ञांनीही ग्रहलाघव रचताना प्रत्यक्ष आकाशाशी जुळेल तेच गणित घेतले. तेव्हा पंचांग सुधारणे म्हणजे परंपरा मोडणे नव्हे. सुधारीत राहणे हीच आपली परंपरा होती, असे या इतिहासावरून दिसून आले. स्वतः सायन पक्षाचे असूनही दीक्षितांनी विरुद्ध पक्षाच्या विद्वानांचे कार्य आपल्या ग्रंथात आदराने नोंदविले. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या परिश्रमांनाही त्यात योग्य स्थान मिळाले. मतभेद असावा, पण दुसऱ्याच्या गुणांकडे डोळेझाक करू नये, हा धडा त्यांच्या लेखनातून मिळतो.

दीक्षितांचा एक शोध विशेष प्रसिद्ध आहे. शतपथ ब्राह्मण या प्राचीन ग्रंथात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे मात्र ढळतात, अशा अर्थाचा उल्लेख आहे. अनेकांनी तो वाचला असेल. दीक्षितांना मात्र त्यात एक खूण दिसली. आज कृत्तिका बरोबर पूर्वेस उगवत नाहीत. पृथ्वी फिरत असताना तिचा आस भोवऱ्याच्या आसाप्रमाणे फार सावकाश डुलत असतो. त्याची एक फेरी पुरी होण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हळूहळू सरकतात. मग कृत्तिका बरोबर पूर्वेस कधी उगवत असतील? दीक्षितांनी गणित करून तो काळ इसवी सनापूर्वी ३००० वर्षांच्या सुमाराचा असल्याचे दाखविले. १८९५ मध्ये इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात त्यांनी हा विचार मांडला. त्याच सुमारास, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांनीही मृगशीर्ष नक्षत्रावरून वेदांचा काळ ठरविणारा ओरायन हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. ग्रंथांचा असा काळ काढण्याविषयी पुढे विद्वानांत पुष्कळ चर्चा झाली व सर्वांनाच तो मान्य झाला असे नाही. परंतु एका लहानशा उल्लेखाची आकाशाशी सांगड घालण्याची दीक्षितांची दृष्टी सर्वांनी वाखाणली.

या शोधाचा पडताळा कोणत्याही विद्यार्थ्याला दुर्बिणीवाचून पाहता येतो. २१ मार्चच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेस उगवतो. त्या दिवशी सूर्य कोणत्या झाडावरून किंवा कोणत्या टेकडीवरून वर आला, ती खूण लक्षात ठेवावी. मग ऑक्टोबरच्या अखेरीस, चंद्र नसलेल्या संध्याकाळी त्याच ठिकाणी उभे राहून कृत्तिकांचा झुबका कोठून वर येतो ते पाहावे. महाराष्ट्रातून पाहिले असता तो त्या खुणेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे उगवताना आढळतो. हात पुढे लांब केला असता मूठ सुमारे दहा अंश जागा व्यापते. तेव्हा अडीच मुठींचे हे अंतर झाले. पाच हजार वर्षांत आकाश किती सरकले, ते आपल्याच मुठीने असे मोजता येते!

१८९४ मध्ये दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. ज्या संस्थेत ते विद्यार्थी म्हणून राहिले होते, तेथेच आता शिक्षक झाले. पूर्वी मद्रास इलाख्यात अधिकारी असलेले रॉबर्ट स्यूएल आणि दीक्षित या दोघांनी मिळून इंग्रजीत एक ग्रंथ सिद्ध केला. इंडियन कॅलेंडर या नावाचा तो ग्रंथ १८९६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या सोळाशे वर्षांतील कोणत्याही हिंदू तिथीची इंग्रजी तारीख काढण्याची कोष्टके त्यात आहेत. इतिहास संशोधकांना ती फार उपयोगी पडली. एकाच वर्षी एक मोठा ग्रंथ मराठीत आणि दुसरा इंग्रजीत प्रसिद्ध व्हावा, ही केवढी कर्तबगारी! पण या अखंड श्रमांनंतर दीक्षितांना फार आयुष्य लाभले नाही. एप्रिल १८९८ मध्ये पुणे येथे तापाच्या आजारात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या वयाला पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. भारतवर्षाच्या भूगोलाविषयीचे त्यांचे एक पुस्तक त्यांच्या मागून प्रसिद्ध झाले.

दीक्षित गेले, तरी त्यांचे कार्य थांबले नाही. त्यांच्या इतिहासाचे १९५७ मध्ये हिंदीत भाषांतर झाले. पुढे भारत सरकारने त्याचे इंग्रजी भाषांतरही दोन भागांत प्रसिद्ध केले. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर देशातील निरनिराळ्या पंचांगांचा विचार करण्यासाठी १९५२ मध्ये एक समिती नेमण्यात आली. प्रख्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा हे तिचे अध्यक्ष होते. त्या समितीच्या शिफारशीप्रमाणे २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र, शके १८७९ या दिवशी, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष ऋतूंना धरून चालते आणि वसंतातील समान दिवसरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आरंभ पावते. सण आणि व्रते अजूनही जुन्या पद्धतीनेच पाळली जातात. परंतु ज्या सायन वर्षासाठी लेले, मोडक व दीक्षित झटले, ते राष्ट्राच्या दिनदर्शिकेत मान्य झाले.

लोकांना आकाश दाखविण्याचे त्यांचे व्रतही पुढे अनेकांनी चालविले. १९४४ मध्ये पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. १९८५ मध्ये मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले. नोकरी-शिक्षण सांभाळून केवळ आवडीने आकाशाचा अभ्यास करणारे विद्यार्थी, शिक्षक व इतर नागरिक अशा संस्थांत एकत्र येतात. शहराच्या दिव्यांपासून दूर, वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभर जागून ते लोकांना नक्षत्रांची ओळख करून देतात. या कार्यकर्त्यांत शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थीही असतात. आज आपण शिकलेले उद्या दुसऱ्याला दाखवावयाचे, ही शिक्षकाची वृत्ती तेथे सहज जोपासली जाते.

आज आपल्या गावांचे रूप पालटले आहे. पनवेलजवळचे रोडपाली हे गाव पाहा. एका बाजूस कळंबोलीचा लोखंड बाजार आणि महामार्ग, सभोवती उंच इमारती. रात्रीही तेथे उजेड ओसरत नाही. रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून शंकररावांना दिसलेले असंख्य तारे त्याच रायगड जिल्ह्यातील रोडपालीच्या गच्चीवरून आज दिसत नाहीत. आकाशगंगेचा पट्टा तर लोपूनच गेला आहे. तरीही हिवाळ्याच्या निरभ्र रात्री तेथून मृगाचे तीन तारे दिसतात, तांबूस रोहिणी दिसते, तेजस्वी व्याध दिसतो. गुरू आणि शुक्र तर दिव्यांना मुळीच दाद देत नाहीत. वहीत तारीख, वेळ व दिशा लिहून रोज दोन घटका त्यांच्याकडे पाहणारा विद्यार्थी महिनाभरात पुष्कळ शिकेल. कोणता तारा लुकलुकतो आणि कोणता स्थिर तेजाने प्रकाशतो, चंद्र रोज किती पुढे सरकतो, एखादा ग्रह ताऱ्यांमधून कसा वाट काढतो, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांपाशी पदवी नव्हती, संपत्ती नव्हती, सवडही नव्हती. त्यांच्यापाशी होती ती जिज्ञासा, पडताळा पाहिल्यावाचून काही न मानण्याची सवय आणि मिळालेले ज्ञान आपल्या भाषेत इतरांना वाटून टाकण्याची तळमळ. एका मराठी शाळेच्या शिक्षकाने एवढ्या बळावर वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतचे आकाश उलगडून दाखविले आणि ते पाहण्याचा आनंद घरोघरी पोचविला. त्यांनी दाखविलेले तारे आजही त्याच वाटेने उगवतात आणि मावळतात.